घोडनदीच्या छावणीचं आयरिश कूळ

पुणे जिल्ह्याच्या 1885 च्या गॅझेटियरमध्ये घोडनदीकाठच्या शिरूरची एक चमत्कारिक नोंद आहे. सुगी झाली की आसपासचे गावकरी नव्या धान्याचा नैवेद्य एका गोऱ्या साहेबाच्या थडग्यापुढे ठेवत. साहेब म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस. मे 1809 मध्ये तो इथेच वारला, वय 47. लोकांनी त्याला ‘सत्पुरुष’ ठरवून टाकलं. ब्राह्मण आणि मारवाडी तेवढे या पूजेपासून लांब राहत.

वॉलेसला घोडनदीकाठी आणलं ते आर्थर वेलस्लीच्या मोहिमेनं. हा डब्लिनचा, जन्म 1769 चा, मॉर्निंग्टनच्या अर्लचा धाकटा मुलगा. 1790 मध्ये ट्रिमची जागा मिळवून तो आयरिश पार्लमेंटात गेला. जागा घराण्याच्याच मुठीतली. थोरला भाऊ रिचर्ड पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला. इकडे भाऊबंदकीनं मराठी दौलत पोखरली होती, तिकडे हे दोघे भाऊ एकदिलानं राज्य वाढवत होते!

होळकरांनी पुणं घेतलं तसा दुसरा बाजीराव पेशवा वसईला पळाला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांशी तह करून बसला. किमान 6,000 तैनाती पायदळ ठेवायचं आणि खर्चासाठी वर्षाला 26 लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. मे 1803 मध्ये बाजीराव पुन्हा गादीवर बसला तो आर्थरच्या फौजेच्या बळावर. त्याच सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा मोड झाला. तिथे एक ब्रिगेड वॉलेसकडे होती.

या तैनाती फौजेचं ठाणं म्हणजे शिरूर. जागा मोक्याची: पुणे-नगर वाटेवर, पेशव्याच्या डोळ्यांसमोर नाही, पण रात्रभर चाललं तर भीमेपर्यंत पोचता येईल इतकी जवळ. पुढे रेल्वे दौंडवरून गेली, शिरूर मात्र रस्त्यावरचंच गाव राहिलं.

आर्थर 1805 मध्ये परतला. आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी, वॉटर्लूचा विजेता, 1828 मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान अशी त्याची चढती कमान. कॅथलिकांना पार्लमेंट खुलं करणारा 1829 चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन सुमारे 800 माणसं घेऊन पुण्याकडे निघाला आणि सकाळी भीमेकाठच्या कोरेगावला पेशव्याच्या फौजेपुढे उभा ठाकला. वेलस्ली, म्हणजे एव्हाना ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तेव्हा फ्रान्समध्ये होता. स्टाँटन निघाला होता तो शिरूरच्या छावणीतून, बाजीरावानंच तोडून दिलेल्या मुलखाच्या वसुलीवर पोसलेल्या ठाण्यातून.