सहा मिलिमीटरच्या फौजेची कुळकथा

दादर ज्वारीच्या दाण्याहून जेमतेम उंच असा सैनिक. सहा मिलिमीटरचा. अंगात चिलखत, हातात बंदूक, डोक्यावर बंद शिरस्त्राण. परग्रहावरच्या लढाया टेबलावर खेळणाऱ्यांकडे असे शेकडो असतात. या नादात मुरलेला माणूस मात्र विकत आणलेला सैनिक आहे तसा क्वचितच पटावर उतरवतो. एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडावर बसवतो, रणगाड्याचा बुरूज बदलतो, नळी लांबवतो आणि मगच रंगवायला घेतो. या कारागिरीला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. तिचं कूळ धुंडाळत मागे गेलं की प्रत्येक पिढीत तीच अडचण भेटते: हवी ती वस्तू बाजारात नव्हती.

मूळपुरुष आपल्याकडचाच. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ अशी चार अंगं असलेलं चतुरंग इराण आणि अरबस्तानमार्गे युरोपात पोचलं, त्याचं तिकडचं बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये ब्रुन्स्विकच्या योहान हेलविग यांनी तो पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफखाना आणला. पुढे प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी चौकटीच काढून टाकल्या. लेकानं १८२४ मध्ये छापलेल्या नियमांत खऱ्या नकाशावर तुकड्यांचे ठोकळे सरकतात. खेळ सैन्याच्या शिक्षणात शिरला, पण ठोकळ्यांना अजून चेहरे नव्हते.

चेहरे खेळण्यांच्या दुकानातून आले. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीनं पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, कडेचा थर गोठला की आतलं झटकन परत काढून घ्यायचं. सैनिक हलका झाला, स्वस्तही झाला. त्याच शिपायांच्या जिवावर एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक लिहिलं. मंगळावरून चालून येणारी फौज १८९८ मध्येच कादंबरीत आणणाऱ्या या लेखकाच्या खेळात मात्र साधं पायदळ, घोडदळ आणि तोफाच होत्या. मंगळवासी दुकानात मिळत नव्हते.

कापाकापीला खरी धार आली ती एअरफिक्समुळे. या ब्रिटिश कंपनीनं १९५९ पासून मऊ पॉलिथिनचे, इंचाहून लहान सैनिक पेटीभर स्वस्तात विकायला काढले. पण पेटीत ठरावीकच पलटणी असायच्या. बाकीच्या हातानं कराव्या लागत. ब्लेडनं मान कापायची, तापवलेली टाचणी धडात खुपसायची, उरलेल्या टोकावर दुसरं डोकं बसवायचं. टाचणी लागे, कारण पॉलिथिनला डिंक धरत नाही. रंगही धरत नाही. सैनिक वाकला की पोपडा निघतो. म्हणून आधी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देत.

अवकाशयुद्धांनी ही विद्या उचलली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी कारागिरांनी रणगाड्यांचे आणि मोटारींचे किट फोडून त्यांचे सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपनं रिक प्रीस्टली यांचा ‘वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर’ बाजारात आणला. नियमांत वाहनं होती, दुकानात मात्र ती फारशी नव्हती. मग त्यांच्याच ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकानं डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून तरंगता रणगाडा कसा करायचा ते वाचकांना शिकवलं. लवकरच प्लॅस्टिकच्या सैनिकांचे संच आले, ज्यांत हात, डोकी, शस्त्रं सुटी होती. कापणाऱ्याचं अर्धं काम साच्यानंच उरकलं. १९८८ च्या ‘अडेप्टस टायटॅनिकस’नं तेच जग सहा मिलिमीटरच्या मापात उतरवलं. त्यातल्या अजस्र यंत्रमानवांच्या हातातली शस्त्रंही बदलता येत.

डिओडरंटच्या डबीचा न्याय लावला तर जळगावसारखं गाव नाही. भवरलाल जैन यांनी इथे ठिबक सिंचनाचा उद्योग उभा केला, आणि केळीच्या बागांतून ड्रिपर, टी, एंड कॅप, काटेरी कनेक्टर यांचा खच पडलेला असतो. सहा मिलिमीटरच्या मापात ड्रिपर म्हणजे तयार अणुभट्टी, कनेक्टर म्हणजे तोफेचं तोंड. अडचण जुनीच: ठिबकची लॅटरल नळी पॉलिथिनची, तिच्यावर फेविक्विक टिकत नाही. इलाजही एअरफिक्सच्या काळातलाच. बारीक भोक पाडून तारेची खुंटी ठोकायची आणि सांधा एम-सीलनं भरायचा. पीव्हीसीच्या पाइपचा तुकडा असेल तर प्लंबरचं सॉल्व्हंट सिमेंट चालतं, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं.

रंगवताना मापाचे नियम वेगळे. छोट्या वस्तूवर रंग मुळापेक्षा गडद दिसतो, म्हणून हिरवा किंवा निळा दोन पायऱ्या फिका घ्यायचा. आधी काळं अस्तर, मग एकाच रंगाचा हात, त्यावर पातळ तपकिरी पाणी, जे खाचांत उतरून सावल्या पाडतं. शेवटी ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून फिरवायचा. डोळे रंगवायचे नाहीत. शिरस्त्राणाच्या काचेवर लाल ठिपका दिला की हातभर अंतरावरून सैनिक जिवंत दिसतो. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की ॲक्रिलिक ब्रशच्या टोकावरच सुकतं. त्यावर उपाय डब्याचा: तळाशी ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की तो दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

राहिली पायाखालची जमीन. धुळ्यात पांझरा नदीची वाळू चहाच्या गाळणीतून काढली की या मापाचे दगडधोंडे होतात. खानदेशची काळी माती त्याहून गुणाची. ती भिजली की फुगते, सुकताना आक्रसते आणि तडकते. फेविकॉलच्या पातळ पाण्यात कालवून पुठ्ठ्यावर जाड थर दिला की भेगा जागच्या जागी पक्क्या होतात. शेतात अंगठा जाईल न जाईल अशी भेग सहा मिलिमीटरच्या सैनिकापुढे दरी असते, आणि नियमांप्रमाणे ती ओलांडायला त्याची अख्खी चाल खर्ची पाडता येते.