किक मारली, पण गाडी सुरू होईना

जुन्नरचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण शिवनेरीवर जातो, नाहीतर नाणेघाटात. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असे पिढ्यान् पिढ्या सांगत आल्या. कोकणच्या बंदरांतून आलेला माल याच वाटेने बैलांच्या पाठीवरून जुन्नरला चढत असे. पुढे बैलगाडी आली, एस. टी. आली. या सगळ्याबद्दल लिहिले गेले आहे. त्यानंतर आलेल्या मोटारसायकलचा इतिहास मात्र लोकांच्या तोंडीच राहिला. त्यातला एक भाग मी आज घेणार आहे, तो म्हणजे सकाळी किक मारून मारून पाय दुखला तरी सुरू न होणारी जुनी गाडी. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाने यंत्र आतून ओळखले ते तिच्यामुळे.

आधी या गाड्या आल्या कुठून ते पाहू. १९५५ साली मद्रासेत बुलेटचा कारखाना उभा राहिला. १९६१ पासून म्हैसूरला जावा तयार होऊ लागली. तिचेच नाव पुढे, १९७३ मध्ये, येझदी झाले. याच साठच्या दशकात एस्कॉर्ट्‌स कंपनीने राजदूत आणली. तिचा मूळ आराखडा पोलंड देशातल्या एसएचएल नावाच्या गाडीचा. पोलंडच्या थंडीसाठी बेतलेले इंजिन आमच्याकडे दुधाचे कॅन वाहू लागले!

त्या काळात परवान्यात ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त गाड्या कारखान्याला काढता येत नसत. त्यामुळे नव्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. अशा दिवसांत हातात आलेली गाडी कोणी मोडीत काढणार कशी? बापाने घेतलेली मुलाने चालवायची आणि मुलाने विकलेली तिसऱ्याने. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीला ‘जुनी’ म्हणायची पद्धतच नव्हती.

इकडे कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. जुन्नरमध्ये येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात डिंभे. कालव्याला पाणी आले, तसा भाजीपाला वाढला, दूध वाढले. नारायणगाव, ओतूर, मंचरचे बाजार फुलले. दूध आणि भाजी थांबत नाहीत. एस. टी. चुकली तर दुसरी मिळेल, पण नासलेल्या दुधाचे पैसे मिळत नाहीत. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर घोडेगावपर्यंत पोहोचायला दारातली गाडीच. म्हणून गाडी सुरू न होणे ही त्या घराची अडचण असे, कधी कधी जिवाशी गाठ असे.

मग ती सुरू करायची कशी? आमच्या भागातल्या मिस्त्रींची एक ठरलेली रीत होती. कुठल्याही पुस्तकात न वाचता ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. इंजिनला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि दाब. या तिन्हींपैकी काय नाही, एवढेच शोधायचे.

आधी टाकी हलवून पाहायची. कॉक उघडा आहे ना? मग टाकीचे झाकण सैल करायचे. झाकणाचे बारीक भोक चिखलाने बुजले, की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले की तेल अडते, तसाच हा प्रकार. त्यानंतर प्लग खोलायचा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, म्हणजे कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण ते पेटत नाही. मग प्लग टोपीत बसवून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा, सांडलेले पेट्रोल पुसून घ्यायचे, सावलीत धरायचे आणि किक मारायची. निळी, खणखणीत ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मेलेली ठिणगी असेल किंवा मुळीच नसेल, तर पॉईंट पाहायचे. पॉईंट म्हणजे उघडझाप करणारे दोन छोटे तुकडे. ते जळून खडबडीत होत. त्यांच्यावरून पॉलिश पेपर फिरवायचा आणि दोहोंमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीने मापायची. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायची. अंगठा उडाला तर दाब आहे. नाही उडाला तर रिंगा गेल्या, म्हणजे खर्च आला.

गाडीगणिक स्वभावही वेगळा. बुलेटला ताकद लावून चालत नसे. डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणून, मग किक मारायची. घाई केली तर किक उलटी येऊन नडगी फुटे. येझदीचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, हे नवख्याला कळत नसे. टू-स्ट्रोक राजदूतला पेट्रोलमध्ये ऑईल मापानेच घालावे लागे. जास्त झाले की प्लग काजळून शॉर्ट होई. सायलेन्सरही काजळीने तुंबे. तो काढून विस्तवात भाजायचा आणि ठोकून झाडायचा. पावसाळ्यात आहुपे खोऱ्यात किंवा माळशेजच्या बाजूला धुके आणि पाऊस इतका, की प्लगच्या टोपीत ओल शिरणे हे पहिले निदान. कोरड्या फडक्याने पुसले की निम्म्या गाड्या बोलत्या होत.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे माझे लक्ष या कामाच्या भाषेकडे जाते. ‘मिस्त्री’ आणि ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. ‘दुरुस्ती’ आणि ‘कारागीर’ फारसीतले. प्लग, पॉईंट, चोक इंग्रजी. ठिणगी, काजळी, फट हे आपले मराठी. गॅरेजच्या तेलकट बाकावर हे सगळे शब्द शेजारी शेजारी बसले आणि कोण कुठला हे कोणी विचारले नाही. गाडी सुरू झाली पाहिजे, एवढीच अट होती.

या रीतीत मला मोठी गोष्ट दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, मग दुसरीला हात लावा. अंदाजाने नवा भाग विकत घेऊ नका, आधी खात्री करा. यालाच शाळेत विज्ञानाची दृष्टी म्हणतात. शाळा अर्धवट सोडलेल्या कितीतरी पोरांना ती गॅरेजमध्ये मिळाली.

१९८४ ते १९८६ या काळात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सीसीच्या हलक्या गाड्या आल्या आणि जुन्या गाड्यांची सद्दी संपत गेली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पॉईंटची जागा इलेक्ट्रॉनिक डब्याने घेतली. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले, तेव्हा बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटरही गेला. याचे दुःख करत बसण्यात अर्थ नाही. बटण दाबताच गाडी सुरू होते, धूर कमी झाला, मुली आणि बायका निर्धास्तपणे गाडी चालवतात, हे चांगलेच झाले. पण बंद डबा बिघडला तर तो बदलायचा असतो, समजून घ्यायचा नसतो.

जुन्या गाड्यांपुढे आता नवा प्रश्न आहे. पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुने रबर खराब करते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत गंज आणि जेटमध्ये घाण. इथेनॉल बनते उसापासूनही, आणि विघ्नहर व भीमाशंकर कारखान्यांच्या या दोन तालुक्यांत ऊस तर आम्हीच पिकवतो. तेव्हा निदानाच्या यादीत ही एक ओळ आता वाढवावी लागेल. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

ही यादी लिहिणार कोण? बुलेटचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री आता सत्तरीला टेकले आहेत. त्यांच्याजवळ वही नाही, सगळे हातात आहे. तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलांनी त्यांच्याकडे जावे, एकेक गाडी खोलून घ्यावी आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत मराठीत लिहून काढावे. नाणेघाटातला लेख कोणीतरी कोरला म्हणून आपल्याला वाचता आला. ओसरीत गोणपाटाखाली उभ्या असलेल्या राजदूतचे काम त्याहून सोपे आहे. तिथे वही, पेन्सिल आणि एक प्लगपाना पुरेल.