दिनविशेष : २९ ऑगस्ट – खुब्याच्या सांधेरोपणाचे शिल्पकार

खुब्याच्या सांधेरोपणाला भरवशाचे रूप देणारे अस्थिशल्यविशारद सर जॉन चार्नली यांचा आज जन्मदिन. १९११ मध्ये इंग्लंडमधील बरी येथे ते जन्मले. विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात ते खुब्यात लहानसा धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी बसवू लागले. रुग्ण वेदनेविना चालू लागले, पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि झिजेच्या कणांनी आसपासच्या ऊती बिघडल्या. चार्नलींनी टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत टोचून परिणाम तपासला. फसलेल्या शस्त्रक्रियाही त्यांनी स्वतःच पुन्हा केल्या. अशी सचोटी दुर्मीळच!

१९६२ मध्ये एका विक्रेत्याने पॉलिएथिलीनचा तुकडा आणला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि तो निकालात काढला. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो यंत्रावर घासत ठेवला. तीन आठवड्यांची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी भरली. या यशात क्रेव्हन यांचे नाव आवर्जून घ्यायलाच हवे. त्याच नोव्हेंबरात नवी वाटी रुग्णांना बसू लागली.

शस्त्रक्रियागृहात गाळलेली हवा खेळवून चार्नलींनी जंतुसंसर्गही खूप घटवला. १९७७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.