‘स्वयम’वर बीजगणिताचा कोर्स करताय? व्हिडिओ फुकट आहे, पण क्रेडिट कसं मिळतं ते आधी समजून घ्या

जानेवारी महिना. कळवणच्या शिवारात उन्हाळ कांद्याची लागवड सुरू असते. घरातला प्रत्येक हात वाफ्यात लागतो, कॉलेजला जाणाऱ्या पोरांचाही. नेमक्या त्याच दिवसांत ‘स्वयम’वर नवीन सत्र सुरू होतं. ग्रुपवर लिंक येते, ‘फ्री कोर्स, आयआयटीचे प्रोफेसर, सर्टिफिकेट मिळेल’. बी.एस्सी.ची पोरं लिंक उघडतात, नाव नोंदवतात, दोन व्हिडिओ बघतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणीला येतो तेव्हा आठवतं, अरे, आपण तो अल्जिब्राचा कोर्स घेतला होता ना?

तोपर्यंत बहुतेक असाइनमेंटच्या मुदती निघून गेलेल्या असतात.

ऑनलाइन कोर्स अर्धवट सुटतो तो दरवेळी आळसामुळेच असं नाही. अनेकदा त्याचे नियमच माहीत नसतात. म्हणूनच बीजगणिताचा ऑनलाइन कोर्स नेमका चालतो कसा, गुण कुठून येतात, पैसे कधी लागतात आणि कळवणसारख्या तालुक्याच्या गावातून तो पूर्ण करायचा तर काय तयारी लागते, हे एकेक करून बघूया.

स्वयम आणि एनपीटेल म्हणजे काय?

‘स्वयम’ हे केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. ९ जुलै २०१७ ला ते सुरू झालं. त्यावर वेगवेगळ्या संस्था आपापले कोर्स चालवतात. त्यातली एक म्हणजे ‘एनपीटेल’. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून हा प्रकल्प २००३ मध्ये सुरू केला. गणिताचे बरेच कोर्स एनपीटेलकडून येतात, त्यामुळे या लेखातले गुणांचे आणि फीचे नियम एनपीटेलचे आहेत. स्वयमवरच्या बाकीच्या संस्थांचे नियम वेगळे असतात. आपला कोर्स कोणाचा आहे हे कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. वर्षातून दोन सत्रं होतात, जानेवारीचं आणि जुलैचं. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारणपणे ३ क्रेडिट, ८ आठवड्यांच्या कोर्सला २ आणि ४ आठवड्यांच्या कोर्सला १ क्रेडिट असा हिशोब असतो.

आधी हे ठरवा, कोणतं बीजगणित?

पहिली चूक इथेच होते. यूट्यूबवर ‘कॉलेज अल्जिब्रा’ असं टाकलं की शेकडो व्हिडिओ येतात. ते बघून वाटतं, हे तर सोपं आहे! कारण अमेरिकेत ‘कॉलेज अल्जिब्रा’ हे एका ठरावीक कोर्सचं नाव आहे. त्यात वर्गसमीकरणं, फंक्शन, लॉगरिदम, बहुपदी असे विषय असतात. म्हणजे आपल्याकडे साधारण नववी ते बारावीत जे होतं तेच. पाया कच्चा असेल तर ते जरूर बघा, उपयोग होईल. पण बी.एस्सी.चं बीजगणित त्याच्या पुढे जातं.

आपल्याकडे पदवीच्या वर्षांत ‘अल्जिब्रा’ या नावाखाली मोटामोटी तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे मूलभूत बीजगणित: संच, संबंध, विभाज्यता, कॉम्प्लेक्स नंबर वगैरे. दुसरी लिनियर अल्जिब्रा, म्हणजे मॅट्रिक्स, समीकरणांच्या जोड्या, व्हेक्टर स्पेस. तिसरी अॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा, म्हणजे ग्रुप, रिंग, फिल्ड. पहिल्या वर्षाच्या मुलाने नाव बघून तिसऱ्या प्रकारचा कोर्स घेतला तर दुसऱ्या आठवड्यात तो थांबणारच. त्यात त्याची काही चूक नाही, फक्त दार चुकलेलं असतं.

म्हणून नाव नोंदवण्याआधी कोर्सच्या पानावरचा आठवड्यांचा आराखडा उघडा आणि तो आपल्या सिलॅबसशेजारी ठेवून बघा. तिथे ‘आधी काय यायला हवं’ हेही लिहिलेलं असतं.

क्रेडिट डिग्रीत धरलं जातं का?

धरलं जाऊ शकतं, पण आपोआप नाही.

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाच्या एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करायला परवानगी देता येते. मात्र कोणता कोर्स चालेल, कोणत्या पेपरच्या बदल्यात चालेल, हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक पारंपरिक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेव्हा विचारायचं ते आपल्या विभागप्रमुखांना किंवा परीक्षा विभागाला, आणि तेही कोर्स सुरू होण्याआधी.

तीन प्रश्न विचारा. हा कोर्स मंजूर यादीत आहे का? याची क्रेडिट माझ्या कोणत्या पेपरला लागतील? सर्टिफिकेट कोणत्या तारखेपर्यंत जमा करायचं? तिसरा प्रश्न लोक विसरतात. एनपीटेलचा निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी लागतो, आणि तोवर कॉलेजची मुदत संपलेली असू शकते.

मिळालेली क्रेडिट जमा होतात ती ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये. त्याचा आयडी डिजिलॉकरवरून काढता येतो. आधारवरचं नाव, कॉलेजमधलं नाव आणि स्वयमवरचं नाव एकच ठेवा. ‘वडिलांचं नाव मध्ये लिहिलं की नाही’ एवढ्याशा फरकानेही पुढे खेटे घालावे लागतात.

गुणांचं गणित (आणि यातच बीजगणित आहे)

आता सगळ्यात महत्त्वाचं. एनपीटेलच्या १०० गुणांपैकी २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ गुण शेवटच्या परीक्षेचे.

१२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात. ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये चांगल्या ६, आणि ४ आठवड्यांच्या कोर्समध्ये चांगल्या ३. म्हणजे १२ पैकी ४ आठवडे हुकले तरी चालतं. लागवडीचे दोन आणि काढणीचे दोन आठवडे यात बसू शकतात.

पण सर्टिफिकेटला दोन कुलपं आहेत आणि दोन्ही उघडावी लागतात. असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०.

समजा एकीने सगळ्या असाइनमेंटमध्ये पूर्ण २५ मिळवले आणि परीक्षेत २८. बेरीज झाली ५३. तरी सर्टिफिकेट नाही, कारण परीक्षेचं कुलूप उघडलं नाही. दुसऱ्याला परीक्षेत ६० मिळाले आणि असाइनमेंटमध्ये फक्त ८. बेरीज ६८. तरी सर्टिफिकेट नाही.

मग किती असाइनमेंट करायलाच हव्यात? २५ पैकी १० म्हणजे ४० टक्के सरासरी. ८ असाइनमेंटची सरासरी ४० हवी, म्हणजे एकूण ३२० गुण हवेत. न दिलेल्या असाइनमेंटला शून्य. प्रत्येक असाइनमेंटमध्ये साधारण ७० मिळत असतील आणि आपण क्ष असाइनमेंट देत असू, तर:

७० × क्ष ≥ ३२०

चार दिल्या तर २८०, कमी पडले. पाच दिल्या तर ३५०, कुलूप उघडलं. म्हणजे किमान पाच.

पण पाचवर थांबणं महागात पडतं. पाच दिल्या तर २५ पैकी जेमतेम १०.९ हाती लागतात. एकूण ६० किंवा त्याहून जास्त गुण झाले की सर्टिफिकेटवर ‘एलिट’ असं येतं. त्यासाठी मग परीक्षेत १०० पैकी ६६ लागतील. त्याऐवजी आठ असाइनमेंटमध्ये सरासरी ८० मिळवली तर २५ पैकी २० हातात असतात. मग परीक्षेत लागणारे गुण य मानले तर:

२० + ०.७५ × य = ६०

य येतो ५३.३, म्हणजे १०० पैकी ५४ मिळाले की झालं. तीन असाइनमेंट जास्त केल्याने आणि सरासरी ८० वर नेल्याने परीक्षेवरचं ओझं १२ गुणांनी कमी झालं.

उत्तरं टेलिग्रामवर मिळतात की!

मिळतात. दर आठवड्याला ‘वीक ५ आन्सर्स’ असे मेसेज फिरतात. आता तर प्रश्नाचा फोटो काढून एआयला दिला की उत्तर हजर. ते बरोबर असेलच असं नाही, पण बऱ्याचदा असतं.

प्रश्न असा आहे की त्याने मिळतं काय? जास्तीत जास्त २५ गुण. उरलेले ७५ गुण परीक्षा केंद्रावर, कॉम्प्युटरसमोर, तीन तास, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली मिळवायचे असतात. तिथे मोबाइल नाही आणि ग्रुपही नाही.

बीजगणिताची आणखी एक अडचण आहे. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. सर मॅट्रिक्सची एक ओळ दुसरीतून वजा करतात, शून्य येतं, आपण मान डोलावतो. तेच वहीवर करायला घेतलं की तिसऱ्या पायरीला चिन्ह चुकतं आणि उत्तर भलतंच येतं. पोहायचा व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारल्यासारखंच हे.

यावर उपाय जुनाच आहे. सरांनी उदाहरण फळ्यावर लिहिलं की व्हिडिओ थांबवा, आपण वहीत सोडवा, मग पुढे चालू करा. २५ मिनिटांच्या व्हिडिओला तास लागेल. तो तास वाया गेलेला नसतो, खरा अभ्यास तोच. असाइनमेंटसुद्धा आधी वहीत आणि मग स्क्रीनवर. साधारणपणे मुदतीच्या आत उत्तरं बदलून पुन्हा सबमिट करता येतात आणि शेवटचं सबमिशन धरलं जातं, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात चुकायची भीती नको.

पैसे कधी लागतात?

शिकणं फुकट, असाइनमेंट फुकट. पैसे लागतात ते परीक्षेला. अलीकडच्या सत्रांत एका कोर्सची परीक्षा फी १,००० रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती ५०० रुपये. कळवण हा आदिवासीबहुल तालुका आहे, त्यामुळे ही सवलत इथल्या बऱ्याच मुलांना लागू होते. पण प्रमाणपत्र फॉर्म भरतानाच अपलोड करावं लागतं. जातीचा दाखला गावी पेटीत आणि आपण हॉस्टेलवर, असं व्हायला नको. आधीच स्कॅन करून ठेवा.

लक्षात ठेवा, कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेच्या फॉर्मची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. फॉर्म भरला नाही तर सगळ्या असाइनमेंट करूनही सर्टिफिकेट मिळत नाही.

कळवणमधून करायचा तर

रेंज: वाडी-वस्तीवर नेट कधी येतं, कधी जातं. एनपीटेलच्या साइटवरून व्हिडिओ आणि त्याचा लेखी मजकूर डाउनलोड करता येतो. कॉलेजच्या वायफायवर किंवा जिथे रेंज चांगली असेल तिथे आठवड्याचे व्हिडिओ एकदाच उतरवून घ्या. इंग्रजीचा वेग झेपत नसेल तर मजकूर समोर ठेवून ऐका. काही निवडक कोर्सचा मजकूर मराठीतही उपलब्ध आहे.

मुदत: असाइनमेंटची मुदत बहुतेक वेळा बुधवारी रात्री ११.५९ ला संपते. मंगळवार हीच आपली शेवटची तारीख समजा. बुधवारी लाइट गेली तर कोणी वाढवून देत नाही.

परीक्षा केंद्र: परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायची असते आणि शहर फॉर्ममध्येच निवडायचं असतं. कळवणहून नाशिक शहर साधारण ७५ ते ८० किलोमीटर. सत्र निवडायला मिळत असेल तर दुपारचं बघा, सकाळचं ९ वाजता सुरू होतं. जानेवारीच्या सत्राची परीक्षा एप्रिलच्या आसपास येते. त्याच सुमारास सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो आणि नांदुरीच्या रस्त्याला यात्रेकरूंची गर्दी असते. तारखा एकत्र आल्या तर देवळा-चांदवडचा रस्ता धरा किंवा आदल्या दिवशी नाशिकला मुक्कामाची सोय करा.

सोबत: अनेक कॉलेजं एनपीटेलची ‘लोकल चॅप्टर’ असतात. तिथे या कोर्सची जबाबदारी एका प्राध्यापकाकडे दिलेली असते. आपलं कॉलेज त्यात आहे का ते विचारा. नसेल तर एकाच कोर्सला तीन-चार जणांनी मिळून नाव नोंदवा. एकट्याने सुरू केलेला कोर्स एकट्यालाच सोडावासा वाटतो.

शिकण्यासाठी गाव सोडायचं का?

हा प्रश्न आपल्या भागात आठशे वर्षं जुना आहे. ‘बीजगणित’ हे नाव ज्यांच्या ग्रंथाने घराघरांत पोहोचवलं, ते भास्कराचार्य बाराव्या शतकातले. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. कळवणच्या पूर्वेला, जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. तेव्हा बीजगणित शिकायचं तर चालत मठापर्यंत जावं लागत होतं.

आता मठ खिशातल्या मोबाइलवर आला आहे. पण वही, पेन आणि दर आठवड्याचे पाच-सहा तास अजूनही आपल्यालाच आणावे लागतात. ते देता येणार असतील तरच नाव नोंदवा. आणि नोंदवलंच, तर आज पहिलं काम एकच करा: असाइनमेंटच्या सगळ्या मुदती, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि परीक्षेचा दिवस, हे सगळं घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून टाका. घरच्यांनाही दिसलं पाहिजे. म्हणजे एप्रिलमध्ये कांदा काढायला कोण कधी येणार, हे आधीच ठरवता येईल.