तांब्याचा तळ, लोखंडी खिळे आणि पाण्याने थंड होणारे ग्राफिक्स कार्ड

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या फ्रिगेटच्या लाकडी तळावर तांब्याचे पत्रे ठोकले. ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड करण्यासाठी प्रथमच सुटे भाग निवडणाऱ्याने पाळावयाचा सर्वांत मोठा नियम या जहाजाने शिकवला आहे. उरलेले नियम मोटारींच्या हीटरने, मत्स्यपेट्यांच्या पंपांनी आणि नळाच्या आट्यांनी शिकवले. त्यांचा हा धागा.

उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे जहाजाच्या तळाची चाळण करीत. तांब्यामुळे किडे दूर राहिले, शेवाळ आणि शिंपलेही फारसे चिकटेनात. वेस्ट इंडिजच्या मोहिमेनंतर १७६३ मध्ये तळाची तपासणी झाली, तेव्हा तांबे बऱ्याच अंशी टिकलेले होते; पण त्याला लागून असलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या ठिकाणी मध्येच अडकून राहिला होता आणि दोन धातूंचा स्पर्श झाला नव्हता.

याचे कारण सांगू शकणारे शास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. व्होल्टाची विद्युतरास १८०० सालची. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने हीच क्रिया उलटी वापरली: तांब्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडले की झीज त्या तुकड्यांची होते आणि तांबे वाचते. तांबे वाचले, पण त्याचे विरघळणे थांबताच शेवाळ पुन्हा तळाला चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. शास्त्रज्ञ बरोबर ठरूनही आरमार नाराज झाले, असा हा दुर्मीळ प्रसंग.

ग्राफिक्स कार्डावर बसणारा वॉटरब्लॉक बहुधा तांब्याचा असतो, वर निकेलचा मुलामा. त्याच्याशी ॲल्युमिनियमचा स्वस्त रेडिएटर जोडला की संगणकाच्या पेटीत 'अलार्म'ची छोटी प्रतिकृती तयार होते: दोन धातू आणि मध्ये पाणी. झिजते ॲल्युमिनियम, आणि त्याचा गाळ ब्लॉकमधील केसासारख्या बारीक खाचांत बसतो. शुद्ध पाणी आणि गंजरोधक द्रव ही क्रिया मंद करतात, बंद करीत नाहीत. पूर्ण ॲल्युमिनियमचा संच मुळीच वाईट नसतो. स्लोव्हेनियाच्या ईके कंपनीने २०१७ मध्ये तसा संच बाजारात आणलाही. अट एकच: पुढे त्यात तांब्याचा एकही भाग मिसळता कामा नये. पहिल्या खरेदीत सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच.

मग सुरुवातीच्या हौशी मंडळींचे कसे निभावले? २००० सालाच्या सुमारास तयार रेडिएटर दुर्मीळ होते. अमेरिकेत लोक भंगारातून जुन्या मोटारींचे हीटर आणत. मोटारीचा हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटरच. जुन्या गाड्यांत तो तांबे-पितळेचा असे, म्हणून तांब्याच्या ब्लॉकशी त्याचे जमले. मोटारउद्योग ॲल्युमिनियमकडे वळल्यावर नव्या गाडीचा हीटर आणणारा मात्र फसला.

पंप मत्स्यपेटीचा, बहुधा जर्मन आयहाइम कंपनीचा. तो घरच्या विजेवर चाले, संगणकाच्या बटणाशी त्याचा संबंध नसे. पंप सुरू करायचे विसरले तर प्रोसेसर भाजून निघण्याची भीती. म्हणून संगणकाबरोबर पंप चालू करणारे रिले लोक स्वतः जोडू लागले. आज सर्वत्र दिसणारा बारा व्होल्टचा डी-५ हा लेइंग कंपनीचा, इमारतींत गरम पाणी फिरवणाऱ्या पंपांच्या कुळातला. पहिल्या संचासाठी तो पुरून उरतो. दोन पंपांचा मोह एका कार्डासाठी अनाठायी आहे.

आटे थेट व्हिक्टोरियन इंग्लंडमधले. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांना ५५ अंशांचा एकच कोन सुचवला. त्यातून ब्रिटिश पाइप आट्यांचे प्रमाण घडले. महाराष्ट्रातील घरांचे नळ याच कुळातील आट्यांवर बसतात. वॉटरब्लॉकवरील 'जी १/४' हे त्याच मालिकेतले माप. पाव इंच हे नाव जुन्या पाइपच्या पोकळीवरून आलेले. आट्याचा बाहेरचा व्यास मोजला तर सुमारे १३.२ मिलिमीटर भरतो. 'जी' म्हणजे समांतर आटे. येथे गळती आटे थांबवीत नाहीत, रबरी कडी थांबवते. म्हणून प्लंबरची पांढरी टेप येथे निरुपयोगी आणि पान्याचा जोर धोक्याचा. हाताने घट्ट बसवणे पुरते. फिटिंग मात्र ट्यूबच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही व्यासांशी जुळवून घ्यावे लागते.

आता खुद्द ब्लॉक. १९८० मध्ये आयबीएमने ३०८१ हा मेनफ्रेम जाहीर केला. त्याच्या एका खंडात शंभराच्या घरात चिप असत आणि त्यांची उंची तंतोतंत सारखी नसे. म्हणून प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या होता, आत हेलियम भरलेला आणि वर पाण्याने थंड होणारा पत्रा. पाणी चिपला शिवतही नसे. ग्राफिक्स कार्डात अडचण तीच: मुख्य चिप, मेमरी आणि वीज पुरवणारे घटक वेगवेगळ्या उंचीचे. येथे दट्ट्यांचे काम वेगवेगळ्या जाडीचे उष्णतावाहक पॅड करतात. चुकीच्या जागी जाड पॅड बसला तर मेमरी थंड राहते, पण मुख्य चिपला ब्लॉक टेकतच नाही.

सुरुवातीचे ब्लॉक फक्त मुख्य चिप झाकत आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर नेता येत. पूर्ण कार्ड झाकणारा ब्लॉक अधिक चांगला थंड करतो, पण एकाच बोर्डाशी जखडलेला असतो. तीच चिप वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या बोर्डांवर विकतात. एखादी कंपनी बोर्डाची आवृत्ती मध्येच बदलते. त्यामुळे खोक्यावरील नावापेक्षा बोर्डावर छापलेला क्रमांक विश्वासार्ह. कूलर काढण्याआधी हमीच्या अटीही वाचाव्या लागतात.

रेडिएटरचा आकार उष्णता ठरवते. १९९९ च्या जीफोर्स २५६ ला एक चिमुकला पंखा पुरे. २००३ च्या एफएक्स ५८०० अल्ट्राच्या पंख्याचा आवाज एवढा गाजला की एनव्हिडियाने स्वतःच त्याची थट्टा करणारी चित्रफीत काढली. २०१४ मध्ये एएमडीचे ५०० वॉटचे आर९ २९५एक्स२ कारखान्यातूनच पाण्यासह आले. आरटीएक्स ४०९० चे प्रमाण ४५० वॉट, ५०९० चे ५७५. अशा कार्डासाठी ३६० मिलिमीटरचा रेडिएटर ही किमान सुरुवात. प्रोसेसरही त्याच पाण्यावर घ्यायचा असल्यास दुसरा रेडिएटर लागतो.

सर्व जोडून झाल्यावर पहिला दिवस फक्त पंपाचा. कार्डाला वीज नाही, प्रत्येक सांध्याखाली टिपकागद, आणि चोवीस तासांनी त्या कागदांची तपासणी.