कमाई थोडी, अटी अनेक : ठाणे-कल्याणच्या कष्टकरी कुटुंबांनी जाणून घ्यावेत असे नियम

वागळे इस्टेट, कळवा, उल्हासनगर, डोंबिवली एमआयडीसी या पट्ट्यात हाऊसकीपिंग, सुरक्षारक्षक, नाका कामगार, घरकामगार म्हणून राबणाऱ्यांत आपल्या समाजाची संख्या मोठी आहे. या कुटुंबांसाठी योजना आहेत, पण प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा वेगळी. वस्तीत काम करणाऱ्या तरुणांना हे नियम एकत्र माहीत असावेत, म्हणून ही मांडणी.

कर : सवलत कोणाला?

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आयकर लागत नाही. पण ज्याला कर लागतच नव्हता, त्याच्या हातात यातून काही पडत नाही. अमेरिकेत १९७५ पासून कमी कमाईच्या कामगाराला, त्याचा कर शून्य असला तरी, सरकार रोख रक्कम देते. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

उलट राज्याचा व्यवसाय कर त्याला भरावा लागतो. महिना १०,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषाचे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. महिलांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत हा कर माफ आहे. त्या मर्यादेतील भगिनीच्या पगारपत्रकात ही कपात दिसली तर लेखी हरकत घ्यावी. कंत्राटदाराने टीडीएस कापला असेल आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते.

रेशन

शहरी भागात प्राधान्य कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे. अशा कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. केशरी कार्डाची मर्यादा १ लाख रुपये. आता हिशोब करा. महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या एकट्या कमावत्याचे वार्षिक उत्पन्न १,४४,००० होते. म्हणजे चाळीच्या एका खोलीत भाड्याने राहणारे हे कुटुंब कागदावर दोन्ही मर्यादांच्या बाहेर!

दवाखाना

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विमा (ईएसआय) लागू होतो. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. वागळे इस्टेट आणि उल्हासनगर येथे कामगार विमा रुग्णालये आहेत. कपात होऊनही विमा क्रमांक दिला नसेल, तर आधी तो मागावा. उपचार कुटुंबालाही मिळतात.

बांधकाम आणि घरकाम

वय १८ ते ६०, आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, अशांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होते. मुलांना पहिली ते सातवीसाठी २,५०० आणि आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये वार्षिक साहाय्य आहे. पदवीसाठी २०,०००, तर अभियांत्रिकीसाठी ६०,००० रुपये मिळतात. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख. हा पैसा बांधकामखर्चावरील १ टक्का उपकरातून येतो. तो उपकार नव्हे. अडचण ९० दिवसांच्या दाखल्याची असते. नाक्यावरच्या कामगाराला ठेकेदार तो सहजी देत नाही. म्हणून कामाच्या तारखा आणि ठिकाणे वहीत लिहून ठेवायला सांगा. नूतनीकरण चुकले की लाभ थांबतो.

घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने वेगळे मंडळ आहे. नोंदणी असेल तर ५५ वर्षे पूर्ण झालेल्यांना १०,००० रुपये सन्मानधनाची तरतूद आहे.

अडीच लाखांची रेघ

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, स्वाधार योजना आणि लाडकी बहीण या तिन्हींची मर्यादा वार्षिक २.५ लाख रुपये आहे. पती १२,००० आणि पत्नी ९,००० कमावत असेल तर वर्षाचे होतात २,५२,०००. दोन हजार जास्त भरले म्हणून मुलाचा निर्वाह भत्ता जातो. अशा वेळी निराश होऊ नये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला उत्पन्न मर्यादेबाहेर असले तरी राज्याच्या फ्रीशिप योजनेतून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. हे ठाऊक नसल्याने अनेक पालक अर्जच करत नाहीत.

बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा गावाकडचा पुरावा आधी शोधावा. शाळेच्या जुन्या नोंदी इथे उपयोगी पडतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

उत्पन्नाचा दाखला कमी आकड्याचा काढण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये. पडताळणीत तो उघडा पडला तर भोगावे मुलाला लागते. दाखले जूनच्या गर्दीआधी काढून घ्यावेत. बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार पगारपत्रक, रेशनकार्ड आणि नोंदणी तपासण्यासाठी ठेवावा.

आणि मागणीही करावी. मर्यादा ओलांडताच लाभ पूर्ण तुटण्याऐवजी, उत्पन्न वाढेल तसा तो हळूहळू कमी व्हावा. रेशनची मर्यादा किमान वेतनाशी जोडावी. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले होते. निदान तेवढे वेतन मिळवणारे कुटुंब रेशनच्या यादीतून बाहेर पडू नये.