बॉक्सच्या मागची वीज : प्रस्तावना

शिमग्यात पालख्या घरोघरी निघाल्या की राजापूर तालुक्यातल्या वाड्यांत नमन-खेळे उभे राहतात. गणपतीत जाखडीच्या बाऱ्या रंगतात. मृदंग आणि झांज आपल्या बळावर ऐकू जातात, शाहिराचा शब्द मात्र मागच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. त्यासाठी मंडळाकडे दोन बॉक्स असतात, आणि हल्ली ते बहुधा ॲक्टिव्ह किंवा पॉवर्ड असतात. ॲम्प्लिफायर पेटीच्या आतच. बाहेर एक मिक्सरची वायर आणि एक विजेची. ही रचना आधी स्टुडिओत रुजली. फिनलंडची जेनेलेक कंपनी १९७८ पासून असे मॉनिटर बनवते, आणि अमेरिकेतल्या मेयर साउंडने १९९४ साली एमएसएल-४ आणून ती मोठ्या मंचांवर नेली. स्पीकरला कोणता ॲम्प्लिफायर जुळेल हा जुना प्रश्न कारखान्यातच सुटतो. मंडळाच्या हाती उरते ती विजेची निवड. बॉक्स घेताना दहा दुकाने फिरणारी माणसे ही निवड मांडववाल्याच्या वायरवर सोडून देतात. या विषयात नव्याने येणाऱ्याचे मनापासून स्वागत करताना पहिली विनंती हीच, की पेटीवर छापलेला वॉटचा आकडा काही काळ विसरावा.

तो आकडा बहुतेक वेळा क्षणिक शिखराचा असतो. ‘१००० वॉट’ लिहिलेल्या पेटीतला ॲम्प्लिफायर सलग ५०० वॉटचा धरू. गाण्याबोलण्यात सतत चढउतार असतात, म्हणून सरासरी खर्च मोजताना पूर्ण क्षमतेचा एक अष्टमांश धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे सुमारे ६२ वॉट. आतल्या सर्किटचा स्वतःचा खर्च मिळवला तरी एक बॉक्स सरासरी १०० वॉटच्या आसपास ओढतो. दोन बॉक्स आणि मिक्सर मिळून २५० वॉट धरले, तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी किती पुरेल? कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा घेतो. हाती साधारण ७६५ वॉट-तास उरतात. तीन तास. भजनाला हे पुष्कळ झाले, रात्रभर चालणाऱ्या नमनाला नाही. इन्व्हर्टर घ्यायचा तो शुद्ध साइन वेव्हचा, आणि सरासरीच्या चार-पाच पट क्षमतेचा, कारण ढोलकीची थाप सरासरी पाहून पडत नाही. सतत ठोका असलेल्या रेकॉर्डवर नाच असेल, तर अष्टमांशाऐवजी एक तृतीयांश धरावा. टेबलावरच्या छोट्या स्पीकरच्या ॲडॉप्टरचा नियम सोपा आहे : व्होल्ट आणि पिनची प्लस-मायनस दिशा तंतोतंत तीच, अँपिअर तितके किंवा जास्त.

वाडीत खरी कसोटी असते ती अंतराची. मीटर एका घरात, मांडव ६० मीटरवर. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटर म्हणजे जवळपास दीड ओहम. त्याच वायरवर हॅलोजन आणि चहाची शेगडी लावून १० अँपिअर ओढले, तर वाटेतच १४-१५ व्होल्ट जातात. मुळात व्होल्टेज २१० असेल, तर बॉक्सपाशी १९५ पोचते. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हाच तोटा साडेपाच व्होल्टवर येतो. स्टॅबिलायझरआधी जाड वायर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा बॉक्स कमी व्होल्टेजवर तग धरतो, पण तेवढीच शक्ती मिळवायला जास्त अँपिअर ओढतो आणि वायरवरचा भार आणखी वाढवतो.

अर्थिंगचा विषय आपल्याकडे वेगळ्या रीतीने शिकायला हवा, कारण आपल्या पायाखाली जांभा आहे. सड्यावरचा कोरडा कातळ फाल्गुनात वीज जमिनीत सहज जिरू देत नाही. अर्थिंगचा रोध १०० ओहम असला आणि फेज पेटीच्या पत्र्याला लागली, तर २३० व्होल्टला जेमतेम २.३ अँपिअर वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म राहतो, आणि पत्रा जिवंत राहतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, मात्र अशा जमिनीतही तत्काळ वीज तोडतो. मांडवाच्या बोर्डात तो असलाच पाहिजे. यात तडजोड नाही. पेटीतून गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणारे हात मी पाहिले आहेत. माइक धरणाऱ्या गौळणीच्या हातापर्यंत तो धोका पोचतो. गुणगुण घालवायची तर मिक्सर आणि सर्व बॉक्स एकाच बोर्डावर घ्यावेत, बॅलन्स्ड केबल वापरावी, गरज पडल्यास सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा.

थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल निसटला, तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत ताण येऊ शकतो आणि आतले सर्किट क्षणात जळते. म्हणून तात्पुरत्या जोडणीत न्यूट्रलचा सांधा सर्वांत आधी तपासावा, आणि तो परवानाधारक वायरमननेच करावा. वीज जनरेटरची असेल, तर तो आधी स्थिर होऊ द्यावा, मग मिक्सर सुरू करावा, शेवटी बॉक्स. बंद करताना बॉक्स आधी.

अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक वाचण्याजोगे आहे. त्याआधी एक साधा वॉटमीटर आणि मल्टिमीटर घेऊन आपल्याच वाडीत बसावे. सगळे दिवे लागलेले असताना, मृदंग रंगात असताना बॉक्सच्या सॉकेटवर किती व्होल्ट उरतात हे वहीत लिहावे. पुढच्या प्रकरणांतली सगळी गणिते त्या आकड्यावरून सुरू होतात.